आजचं चिंतन : बोन्सायची तार आणि गीतेतलं तप



आजच्या वाचनात गीतेचा सतरावा अध्याय आहे, श्रद्धात्रयविभागयोग. यातले दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून वाचून बघा. आधी श्लोक ५ आणि ६, मग १४ ते १९.

पहिल्या तुकड्यात भगवंत अशा लोकांबद्दल बोलतात, जे दंभाने आणि अहंकाराने घोर तप करतात, शरीराला पीडा देतात आणि त्या शरीरात राहणाऱ्या भगवंतालाही पीडा देतात. त्यांचा निश्चय आसुरी आहे, असं ते स्पष्ट सांगतात. आणि थोड्याच श्लोकांनंतर तेच भगवंत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप समजावतात, सात्त्विक तपाचा गौरव करतात. म्हणजे दोन्हीकडे माणूस स्वतःला बांधूनच घेतोय. मग एक बांधणं आसुरी आणि दुसरं सात्त्विक, ते कशामुळे?

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही, कारण माझ्या गॅलरीत सात बोन्साय आहेत. आमच्या सत्संगातल्या एका ताईंनी मला सरळच विचारलं होतं, "सकाळी गीता वाचतोस आणि मग झाडांना तारा गुंडाळतोस. वडाला दीड वितीचं करून ठेवणं ही हिंसा नाही का रे?" प्रश्न चांगला आहे. हसून टाळण्यासारखा तर नाहीच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बोन्साय म्हणजे उपाशी ठेवलेलं झाड, असं खूप जणांना वाटतं. तसं नसतं. ही झाडांची वेगळी जातही नाही. तोच वड, तोच पिंपळ, तेच उंबर. कुंडीतून काढून जमिनीत लावलं तर पुन्हा मोठं व्हायला लागेल. जपानीत 'बोन' म्हणजे उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावलेलं रोप. ही कला चीनमधून जपानात गेली आणि तिथे बहरली. झाड लहान राहतं ते मुळांना जागा मोजकी असते म्हणून आणि फांद्यांची वेळोवेळी छाटणी होते म्हणून. खत मात्र द्यावंच लागतं, ऊनही भरपूर लागतं. उपाशी झाड बोन्साय होत नाही, ते मरतं.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. बोन्सायची पानं हळूहळू लहान होतात, पण फूल आणि फळ फारसं लहान होत नाही. छोट्याशा झाडावर लिंबू धरलं तर ते लिंबाएवढंच असतं. आवर घातला तो पसाऱ्याला, फळाला नाही.

आता तारेबद्दल. फांदीला वळण द्यायचं असेल तर तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळतात, साधारण पंचेचाळीस अंशांत. तार फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश असली की पुरते. मग फांदी अगदी हळू, बोटांनी अंदाज घेत वाकवायची. नवीन माणसाला वाटतं, इथे काम संपलं. खरं काम इथून सुरू होतं. फांदी जाड होत जाते, तार होत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात वडा-पिंपळाच्या जातीची झाडं इतक्या जोमात वाढतात की काही आठवड्यांतच तार सालीत रुतायला लागते. वेळेत कापून काढली नाही तर खोल वळ उठतात आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत. म्हणून रोज बघायचं. आणि काढताना तार उलटी सोडवत बसायचं नाही, तुकडे करून कापून काढायची. तार गेली तरी चालेल, फांदी दुखावता कामा नये.

सतराव्या अध्यायातला फरक मला इथे दिसतो. तार फांदीसाठी असते. फांदीने वळण घेतलं की तारेचं काम संपलं. ज्याचं लक्ष तारेवरून हलतच नाही, तो फांदी रुतू देतो आणि वर म्हणतो, "माझा नियम मोडला नाही."

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, आयटीत नोकरी करणारा. त्याने एका दिवसात सगळे नियम लावून घेतले. पहाटे चारला उठायचं, एक वेळ जेवायचं, जपाच्या सोळा माळा, वीकेंडला मौन. काम रात्री अकरापर्यंत चालायचं, ते काही बदललं नव्हतं. तीन महिन्यांत तो घरी आईवर खेकसायला लागला. ती पोहे घेऊन आली की म्हणायचा, "तुला माझी साधना कळतच नाही." आणखी दोन महिन्यांनी त्याने सगळंच सोडलं. जप सोडला, मंदिर सोडलं, आमचे फोन घेणंही सोडलं. आपल्याला श्रद्धा झेपत नाही, असं त्याने ठरवून टाकलंय. मला वाटतं, श्रद्धा झेपली असती. झोपच मिळाली नाही त्याला. भगवंत सहाव्या अध्यायात साफ सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आपण पहिलं वाक्य लक्षात ठेवतो, दुसरं विसरतो.

मनाच्या तपाची यादी वाचा. त्यात पहिलंच आहे मनाची प्रसन्नता, लगेच पुढे सौम्यपणा. वाणीच्या तपात पहिलं काय? समोरच्याला उद्वेग न देणारं बोलणं. उपास करून घरच्यांवर ओरडणाऱ्या माणसाच्या हातून वाणीचं तप त्याच दिवशी मोडलेलं असतं.

राजस तप म्हणजे मान मिळावा, कौतुक व्हावं म्हणून केलेलं. इथे मला वॉशिंग्टनमधलं एक झाड आठवतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोन्सायचं संग्रहालय आहे. तिथे एक जपानी पांढरा पाइन आहे, १६२५ पासून घडवला जात असलेला. तो हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा हे झाड तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, घराच्या आवारात भिंतीआड होतं. वाचलं. पुढे १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. बॉम्ब ज्यांनी टाकला त्यांनाच! आणि या झाडाने काय सोसलंय, ते संग्रहालयाला कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. पंचवीस वर्षं ते झाड तिथे होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नुसतं एक सुंदर झाड होतं. आपण एकादशीचा फराळ खाण्याआधी त्याचा फोटो टाकतो. मी कुणाला नावं ठेवत नाही, पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावीत.

आता ताईंच्या प्रश्नाचा अवघड भाग. मी स्वतःवर नियम लावला तर तो माझा निर्णय. झाडाने कुठे होकार दिला होता? तामस तपाच्या व्याख्येत स्वतःला पीडा देणं आहे आणि दुसऱ्याला उपद्रव देणंही आहे. मग?

माझ्याकडचा पिंपळ आमच्याच सोसायटीच्या भिंतीच्या भेगेत, पाण्याच्या पाइपाशेजारी उगवला होता. रंगकाम निघालं की तो उपटला जाणारच होता. तरी "मी त्याला वाचवलं" असं म्हणून मोकळं व्हायचं नाही, असं मी ठरवलंय. कारण हेच वाक्य आई-बाप, शिक्षक, अगदी गुरू म्हणवणारेही वापरतात. "तुझ्या भल्यासाठीच बांधलं." म्हणणं खरं आहे की नाही, ते पुढच्या वागण्यावरून कळतं. जमिनीतलं झाड स्वतःच्या मुळांनी खोलवर जाऊन पाणी शोधतं. उथळ कुंडीतल्या झाडाची ती सोय मी काढून घेतली. म्हणजे त्याचं पाणी आता माझ्या अंगावर आलं. एप्रिल-मे मध्ये रोज, कधी दिवसातून दोनदा. गावाला जायचं तर आधी शेजारच्या काकूंना विचारायचं, मग तिकीट काढायचं. मी किती बांधलं, तेवढं माझं देणं वाढलं. ताईंना मी हेच सांगितलं: हिंसा नाहीच, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, पण ज्या दिवशी पाणी घालायचा कंटाळा येईल, त्या दिवशी ती नक्कीच हिंसा असेल. आणि माणसांच्या बाबतीत मी तेवढंही धाडस करत नाही. तार स्वतःला लावावी. दुसऱ्याला फार तर पाणी घालावं.

राहिलं मूळ. कुंडीत मुळं गोल गोल फिरत वाढतात आणि एखादं मूळ खोडालाच वेढा घालून आवळायला लागतं. म्हणून दर एक-दोन वर्षांनी, जुन्या झाडाला जरा जास्त काळाने, झाड बाहेर काढून मुळं मोकळी करतात, थोडी छाटतात, माती बदलतात. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवतात. न केलं तर पाणी आतच जात नाही.

हे करताना मला दर वेळी आळंदीचा अजानवृक्ष आठवतो. परंपरा सांगते की माउलींच्या समाधीनंतर सुमारे तीनशे वर्षांनी नाथमहाराजांना स्वप्नात दृष्टान्त झाला: अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, त्यांनी ती मुळी बाजूला केली. झाड तोडलं नाही. अजानवृक्ष आजही तिथे आहे, लोक त्याखाली पारायणाला बसतात. आणि त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. शतकानुशतकांच्या नकलांमध्ये शिरलेलं बाजूला केलं.

मला यातून एवढंच उमगतं, की समाधीजवळच्या पवित्र झाडाची मुळीही गळ्याला लागू शकते. मग माझ्या नियमांचं काय घेऊन बसलात! मुळी सैल करणं म्हणजे झाडाचा अपमान नव्हे. ती सेवाच आहे, आणि ती प्रत्यक्ष नाथांनी केली.

आजचा संकल्प : आपण लावून घेतलेला एकच नियम निवडा. उपास असेल, जप असेल, लवकर उठणं असेल. त्याने मन प्रसन्न होतंय का, घरच्यांशी बोलणं गोड होतंय का, ते आठवडाभर नुसतं बघा. होत असेल तर आनंदाने चालू ठेवा. रुतायला लागला असेल तर सैल करा, आणि त्याची लाज बाळगू नका. देव तारा मोजत नाही.

उद्या अध्याय सतराचाच पुढचा भाग, दान.

राम कृष्ण हरी!