थिजू नये म्हणून

भीतीने रक्त गोठतं, असं आपण म्हणतो. मला रक्त गोठण्याचीच भीती वाटत होती.

*

भिलाईच्या रात्रीला दोन रंग असतात. एक सगळ्या गावांचा असतो तो काळा. दुसरा शेंदरी, कारखान्यात धातूचा रस ओतला की आभाळाच्या एका कोपऱ्यात उमटतो आणि हळूहळू विझतो. नवरा नाइट शिफ्टला गेला, मुलं झोपली, की मी शिवणाच्या डब्यातली टेप काढायची आणि दोन्ही पोटऱ्या मोजायची. दोन्हींतला फरक कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची. अर्धा. अर्धा. पाऊण. अर्धा.

सासूबाईंनी एकदा विचारलं, "दूध कमी केलंस का गं?"

मी हो म्हटलं.

*

नवऱ्याला माझी गर्भनिरोधक गोळी माहीत होती, भीती माहीत नव्हती. सासूबाईंना दोन्ही माहीत नव्हतं. पाकीट साड्यांच्या घडीत असायचं, आणि ज्या गोष्टीची जागा घडीत असते तिच्याबद्दलचा प्रश्नही घडीतच राहतो.

*

गुठळी हा शब्द मला स्वयंपाकघराने दिला. पिठलं ढवळायला आळस केला की गुठळ्या होतात. हिंदीत डॉक्टर 'थक्का' म्हणतात. दह्याचा असतो तसा, हलवलं नाही म्हणून नीट लागलेला. दोन्ही भाषांच्या बायकांना ठाऊक आहे की जे हलत नाही ते बसतं.

रक्ताचंही बरंचसं तसंच आहे. पायातलं रक्त वर चढवायला हृदय पुरत नाही. चालताना पोटरी आवळते, शिरा दाबते आणि रक्त वर ढकलते. म्हणून पुण्याच्या गाडीत रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या बाईने मधे उठून दोन डबे चालून यावं. लोक काय म्हणतील, बाई फिरते कशाला. फिरू दे.

*

पण नुसत्या बसण्याने गुठळी होत नाही. रक्ताची गती मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचा स्वभावच बदलणं, अशी तीन कारणं वैद्यकात सांगतात. गोळी हे तिसरं करते. तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त तयार करतं.

हे कळलं तेव्हा मला गोळीचा राग आला. नंतर त्यामागचं कारण कळलं आणि राग निवला. बाई गरोदर राहिली की शरीर आपण होऊनच रक्त लवकर गोठेल असं करायला लागतं. पुढे बाळंतपण आहे, रक्त जाईल, तेव्हा ते थांबवायची तयारी असावी म्हणून. ज्या काळी ना दवाखाना होता ना रक्तपेढी, त्या काळापासून बायका या तयारीवर जगल्या. गोळी शरीराला दिवस राहिल्यासारखं भासवते, आणि शरीर बिचारं इमानदारीने तीच तयारी सुरू करतं. कुणी जन्माला येणार नसताना.

गुठळी म्हणजे शरीराची माया, चुकीच्या वेळी आलेली.

भीतीही याच जातीची आहे. तीही वाचवायलाच येते. वाहती असली तर पाय उचलायला लावते, डॉक्टरकडे नेते. एका जागी साचली की तिची गाठ होते.

*

1959 च्या 4 फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या गावाला एकच धाक आहे: लोखंड थिजता कामा नये. भट्टी थंड पडली तर आतला रस दगड होऊन बसतो आणि फोडून काढावा लागतो. म्हणून सणावारीही तिला कुणी एकटी सोडत नाही. नवरा हे सांगायचा तेव्हा मी भाकऱ्या थापत ऐकायची. तूप थिजतं, लोखंड थिजतं, रक्त थिजतं, माणूस थिजतं. मराठीने या सगळ्यांना एकच क्रियापद पुरवलं आहे. मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

*

आकडे पुढे कळले. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते. माला-डीसारखी लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत 5 ते 7 जणींना. काही नव्या गोळ्यांत 9 ते 12. गरोदरपणात हा धोका गोळीपेक्षा जास्त, आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तर सर्वांत जास्त.

म्हणजे धोका खरा आहे, आणि लहान आहे. या दोन गोष्टी एका वेळी मनात धरायला फार जागा लागते. दिवसा ती मिळते. रात्री मिळत नाही. आकडा गर्दीचा असतो, रात्र एकटीची. त्या सातांतली एक मी नाही, हे कोणता आकडा सांगणार?

*

आणि बाईने निर्धास्त तरी कशाच्या जोरावर राहायचं? याच छत्तीसगढमध्ये, बिलासपूरजवळ, 8 नोव्हेंबर 2014 ला एका नसबंदी शिबिरात 83 बायकांवर काही तासांत शस्त्रक्रिया उरकल्या. त्यांतल्या 13 जणी गेल्या. त्या घाबरल्या असतील, तर त्यांना कुणी तरी नक्की म्हटलं असेल, "कुछ नहीं होता."

देशपातळीवरच्या 2019 ते 2021 च्या पाहणीत कुटुंब थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या बायका शेकडा जवळजवळ 38 आहेत. पुरुष हजारी 3. कुटुंब दोघांचं असतं, धोक्याची वाटणी मात्र कधी झालीच नाही.

*

पाकिटातला तो कागद. मुंगीएवढी अक्षरं, आठ घड्या. माझी झोप त्याने उडवली.

बरीच वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. मग त्याची कथा वाचली. अमेरिकेत 1960 मध्ये पहिली गर्भनिरोधक गोळी मान्य झाली. तिच्यात इस्ट्रोजेनच्या जातीचं द्रव्य 150 मायक्रोग्रॅम होतं. आजच्या माला-डीत 30 असतं. पुढच्याच वर्षी गुठळीची पहिली नोंद आली. बायकांना कुणी सांगितलं नाही. 1970 मध्ये तिथल्या सिनेटपुढे गोळीच्या सुरक्षिततेची सुनावणी झाली, डॉक्टर बोलले, तज्ज्ञ बोलले. गोळी गिळणारी एकही बाई साक्षीला बोलावलेली नव्हती. तेव्हा श्रोत्यांत बसलेल्या तरुणी उठून उभ्या राहिल्या आणि ओरडून विचारू लागल्या. पाकिटात माहितीचा कागद घालणं त्यानंतर आलं.

माझी झोप उडवणारा कागद बायकांनी भांडून मिळवला होता. तो वाचताना शेजारी कुणी बसलेलं असावं, एवढंच त्या भांडणातून मिळायचं राहून गेलं.

*

भीती आणि धोका एकाच घरात राहतात, असं मी समजत होते.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या तारखा आणि माझी तारीख एकच आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं कालनिर्णयकडे पाहिलं. मी घरातली गोळी बंद ठेवली आणि मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही काही विचारलं नाही. दिवसाला तीन, दहा दिवस. गौरी जेवल्या, हळदीकुंकू झालं. त्या दहा दिवसांत मी टेपला हात लावला नाही. देवाच्या कामासाठी घेतलेली गोळी गोळी वाटलीच नाही.

त्या गोळ्यांत नॉरेथिस्टेरॉन असतं. इतक्या मात्रेत घेतलं की शरीर त्यातल्या थोड्याचं इस्ट्रोजेन बनवतं, तेच, कागदावरचं. रोजच्या लहान गोळीला भिणारी मी ती मोठी गोळी कौतुकाने घेत होते, आणि मुठीत नमस्काराची सुपारी होती.

शेजारच्या दोघी-तिघी दर सणाला हेच करतात. त्यांतल्या एकीला हातापायांत मुंग्या येऊन डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचणारी अर्धशिशी आहे. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये, पक्षाघाताचा धोका वाढतो. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, पूजा तो करनी है ना." पूजेला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. पण कोणत्या देवाला बाईच्या रक्ताचा विटाळ चालत नाही आणि रक्ताची गुठळी चालते?

*

मी गोळी तीनदा सोडली आणि तीनदा धरली. पोटरी दुखली की सोडायची, महिना-दोन महिन्यांनी धीर आला की परत सुरू.

धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. महिनाभराच्या खंडानंतर पुन्हा सुरू केली की त्याच महिन्यांत परत येऊन उभं राहायचं. भीतीने सुचवलेला उपाय मला दर वेळी पहिल्या पायरीवर आणून सोडत होता. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये काही गोळ्यांबद्दल सरकारी इशारा निघाला आणि असंख्य बायकांनी पाकीट अर्ध्यावर टाकलं. पुढच्या वर्षी तिथे गर्भपात वाढले. त्यांची माझी ओळख नाही. पण त्यांच्या हातातलं अर्धं पाकीट मला दिसतं.

*

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. 1927 पासून 1953 पर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले. त्यात वाचक पत्रं पाठवायचे, जे घरात विचारता येत नव्हतं ते विचारायचे आणि कर्वे छापून उत्तर द्यायचे. या उत्तरांवरून खटला झाला, 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले.

मला त्या मासिकाचा हेवा वाटतो. तेव्हा गोळी नव्हती, पण भीती पाठवायला पत्ता होता.

*

शेवटी गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एक पैर, या दोनों?"

"दोनों. कभी ये, कभी वो."

त्यांनी दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. सूज एकाच पायाला आहे का, तो गरम लागतो का, लाल होतो का. जिना चढताना एकदम दम लागला का, श्वास घेताना छातीत टोचलं का, खोकल्यातून रक्त पडलं का. बिडी, तंबाखूचं गुडाखू? रक्तदाब मोजला. डोकेदुखीचं विचारलं. मी अर्ध्या सेंटिमीटरचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. दोन पोटऱ्या सारख्या कुणाच्याच नसतात, तीन सेंटिमीटरचा फरक दिसला तर लगेच यायचं, म्हणाल्या. सगळं मिळून दहा मिनिटं. पहिलं पाकीट हातात पडलं तेव्हा यातलं एकही वाक्य कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "घर में किसी को? माँ, बहन?"

मला माहीत नव्हतं.

*

संध्याकाळी नागपूरला फोन लावला. आई बराच वेळ बोलली नाही.

"तुझ्या वेळी," म्हणाली. "तू दहा-बारा दिवसांची होतीस. डावा पाय खांबासारखा झाला होता. थंडी बाधली म्हणाल्या सगळ्या, शेकत बसले."

"दाखवलं नाहीस?"

"कुणाला दाखवणार? बाळंतीण होते."

आईचा डावा पाय मी लहानपणापासून पाहत आले आहे. घोट्यापाशी काळपट, संध्याकाळी सुजलेला, चप्पल न जाणारा. आईचा पाय असाच असतो असं मला वाटायचं. रोज रात्री मी माझ्या पायात जे शोधत होते ते कदाचित तिच्या पायात तीस वर्षं माझ्यासमोर होतं.

इतक्या वर्षांनी त्याचं काही सिद्ध होण्यासारखं नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि गोळी बंद केली. तांबी बसवू म्हणाल्या. तिच्यात हार्मोन नसतं, गुठळीशी तिचा संबंध नाही. नवऱ्याला मी त्याच रात्री सगळं सांगितलं, पोटऱ्यांसकट. तो शिफ्टला उशिरा गेला.

*

कालनिर्णयवर त्या तारखेपुढे काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आईचा फोन आला. तिला रात्रभर झोप नव्हती. आजीच्या पायाचं काहीतरी आठवलं होतं.