समेवर न येणारा काळ

संगीताइतकी काळाच्या अधीन असलेली दुसरी कला नाही. चित्र पाहणाऱ्याने पाठ फिरवली तरी ते भिंतीवर राहते, स्वराचे आयुष्य मात्र तो वाजेल तेवढ्याच मुदतीचे. अशा कलेने काळच संपल्याची वार्ता सांगावी, ही अपेक्षाच मुळी परस्परविरुद्ध वाटते. तरीही फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ याने ग्योर्लित्स येथील युद्धबंद्यांच्या जर्मन छावणीत ती मनावर घेतली, आणि योहानाच्या प्रकटीकरणातील, काळाचा अंत घोषित करणाऱ्या देवदूताला स्मरून लिहिलेली आपली आठ भागांची ‘कालान्तासाठी चतुष्टय’ ही रचना १५ जानेवारी १९४१ रोजी क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो व पियानो यांवर बंदिवानांपुढे सादर केली. (त्या चेलोला तीनच तारा होत्या असे मेसियाँ सांगे, चेलोवादकाने चार सांगितल्या आहेत, आणि या बाबतीत साक्ष वादकाचीच ग्राह्य धरावी.)

रसिकांचा ओढा पाचव्या भागाकडे असतो: चेलोची अतिविलंबित स्तुती, खाली पियानोचे संथ आघात. ती सुंदर आहे, याविषयी वाद नाही. पण विलंबित काळ हाही काळच, आणि तीच धून १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातील जलोत्सवासाठी आधी योजिली होती, हे कळल्यावर शाश्वताचा तिच्यावरील हक्क थोडा सैल होतो.

माझ्या मते खरा युक्तिवाद पहिल्या भागात आहे. तेथे पियानोच्या एका आवर्तनात १७ कालमूल्ये आहेत आणि दुसऱ्यात २९ स्वरसंघ. दोन्ही संख्या अविभाज्य असल्यामुळे दोघांची सम एकत्र यावयास ४९३ आघात लागतात, आणि हा भाग तर दोन-तीन मिनिटांतच थांबतो. ती १७ मूल्ये रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या देशी तालांवरून घेतलेली आहेत, म्हणजे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी राज्याचा जमाखर्च सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० तालांपैकी! हे ताल मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशातील यादीत सापडले. टाळी-खालीची जिवंत परंपरा त्यांच्यासोबत आली नाही, आणि आपल्या कोणा तबलजीला ही मोडतोड खपणार नाही. परंतु समेच्या ओढीतून सुटलेला ताल मेसियाँला हवाच होता: श्रोत्याला चक्राचा एक तुकडा तेवढा ऐकू यावा, पूर्ण चक्र त्याच्या श्रवणाबाहेर राहावे.

अद्वैती यावर हरकत घेईल, आणि ती बिनतोड आहे: ४९३ वा आघातही कधीतरी पडणारच, तेव्हा हे दीर्घत्व झाले, नित्यत्व नव्हे, काळ हा अविद्येच्याच प्रांतातला, तो लांबवून त्याच्या पलीकडे जाता येत नाही. कॅथॉलिक मेसियाँला ही हरकत फारशी बोचली नसती, कारण त्याच्या श्रद्धेत काळ हा भ्रम नसून ईश्वराने निर्मिलेली वस्तू आहे, आणि जो ती निर्माण करतो त्याला ते चक्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच वेळी ऐकू येते.