मापात पाप

कॉफीसाठी घेतलेला माझा डिजिटल काटा ०.१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो. तीच वाटी दहादा ठेवली आणि दहाही वेळा १८.४ आलं, तर काट्यात सातत्य आहे एवढंच कळतं. तो खरा आहे का, हे पाहायला बाहेरचं प्रमाणित वजन ठेवावं लागतं.

ऑफिसात मी इतरांचा कोड तपासतो. सगळ्यांना एकच माप लावतो, म्हणून स्वतःला न्यायी समजतो. पण ते माप कोणी तपासलं? तेच चुकीचं असेल, तर अन्यायही सगळ्यांवर सारखाच होणार.

पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा ठोकळा १८८९पासून किलोग्रॅमची व्याख्याच होता. पुढे त्याच्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. बदललं कोण? व्याख्येनुसार ठोकळा चुकूच शकत नव्हता! अखेर २०१९मध्ये त्याचा मान काढून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकाला बांधला गेला.

काटा मारणं हे पाप आहेच. पण आपलं माप कोणाला तपासूच न देणं, हेही मला त्याच्याच जातीचं वाटतं.