आधी वेदना, मग प्रार्थना

कोलकात्याचं 'निर्मल हृदय' हे मदर तेरेसांचं मरणासन्नांसाठीचं घर 1952 साली कालीघाटच्या मंदिरालगत, यात्रेकरूंच्या धर्मशाळेत सुरू झालं. तेव्हापासून देशोदेशीचे ख्रिस्ती तरुण तिथं सेवेसाठी येत आले आहेत. सकाळी मदर हाउसमध्ये मिस्सा, मग पाव, केळं, चहा, आणि नंतर काम. चादरी हातानं धुवायच्या, अंग पुसायचं, भरवायचं. बहुतेकांना बंगाली येत नाही. पण मरणासन्न माणसाला पेज भरवायला लागते ती सवड. मान जरा उचलून धरायची, चमचा ओठांना टेकवायचा, घोट उतरल्याशिवाय दुसरा चमचा द्यायचा नाही. एका वाटीला अर्धा तास सहज जातो. या अर्ध्या तासाबद्दल मला अपार आदर आहे.

तरीही तेवढं पुरत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी 1994 साली या घराबद्दल लिहिलं. स्वच्छता, जखमांची निगा, माया यांचं त्यांनी कौतुक केलं. पण प्रभावी वेदनाशामक औषधं तिथं नाहीत, हेही नोंदवलं. अनेक ख्रिस्ती माणसांना ते झोंबलं. मला ते रास्त वाटतं. (1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं आपल्याकडे मॉर्फिन मिळणंच दुरापास्त केलं होतं, हेही विसरू नये. 2014 च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी झाली.)

आम्हा ख्रिस्ती लोकांचा सेवेचा सारा आधार मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 25 व्या अध्यायात आहे. भुकेल्याला, आजाऱ्याला जे केलं ते प्रभूला केलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्याच कथेतल्या नीतिमान माणसांना आपण प्रभूची सेवा केली याचा पत्ताच नसतो. ते चकित होऊन विचारतात, हे कधी घडलं? म्हणजे त्यांचं सगळं लक्ष समोरच्या माणसाकडे होतं. रुग्णात ख्रिस्त पाहण्याच्या नादात रुग्णच दिसेनासा झाला, तर त्याच्या हाडांतला कर्करोगाचा ठणकाही दिसत नाही.

सिसिली सॉन्डर्स यांना तो दिसला. श्रद्धाळू ख्रिस्ती, आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका, आणि शेवटी वेदनेवर काम करता यावं म्हणून डॉक्टर. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्नांसाठीचं शुश्रूषागृह, उघडलं. दुखू लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, हा त्यांचा आग्रह. त्या घराला पहिली 500 पौंडांची देणगी ठेवून गेलेला डेव्हिड टास्मा हा पोलंडचा ज्यू होता.

परदेशी सेवेचा मला सर्वांत पटलेला नमुना मात्र युगांडातला आहे. लिव्हरपूलच्या डॉ. ॲन मेरिमन या मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी या संघात अनेक वर्षं होत्या. 1993 साली त्यांनी कंपालात 'हॉस्पिस आफ्रिका युगांडा' सुरू केलं. मॉर्फिनची भुकटी पाण्यात विरघळवायची, टिकावी म्हणून थोडं परिरक्षक घालायचं, ताकद ओळखू यावी म्हणून रंग, की तोंडानं घ्यायचं स्वस्त औषध तयार. पाण्याच्या वापरलेल्या बाटलीत भरून ते रुग्णाच्या घरी जाई. डॉक्टर मोजके होते. म्हणून 2004 साली देशाचे नियम बदलून प्रशिक्षित परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार मिळाला. आज ते काम युगांडाचीच माणसं पुढे नेत आहेत. बाहेरून आलेल्या बाईनं याहून मोलाचं काय करावं?

मरणाच्या दारातल्या माणसाशी धर्माची चर्चा आपण होऊन काढू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यानं विचारलं तर बोलावं, त्याच्या धर्माचा माणूस हवा असेल तर बोलावून आणावा. कालीघाटात हिंदूच्या मुखी गंगाजल आणि मुसलमानासाठी कुराणपठण हा रिवाज होताच.

ज्या तरुणांना अशा सेवेसाठी परदेशी जायचं आहे, त्यांनी निघण्यापूर्वी तिथल्या कपाटात मॉर्फिन आहे का, हे विचारावं. जमेल तितकी भाषा शिकावी, पंधरवड्यापेक्षा जास्त राहावं. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात जाऊन यावं. 1986 पासून ते तिथं आहे; हे भारतातलं पहिलं हॉस्पिस.