थांबण्याचा धर्म

कोणत्याही यंत्राची प्रशंसा करताना ते किती वेगाने धावते, किती भार ओढते, किती कष्ट वाचविते, हे आपण प्रथम विचारतो. ते थांबते कसे, हे सहसा कोणी विचारीत नाही. गती ही यंत्राची कीर्ती आणि थांबणे ही त्याची घरगुती बाब, असा आपला समज झालेला दिसतो. नीतीच्या दृष्टीने हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. आणि त्यासाठी मिस्त्रीच्या कामठ्यावरचे एक साधे उदाहरण आम्ही घेत आहोत.

जुन्या गाड्यांचे काही शौकीन एखादी पुराणी पिकअप गाडी मिळवितात आणि तिचे हाताने टाकावयाचे गिअर काढून आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा तीत बसवितात. मग पायाखालच्या तीन पेडलांपैकी डावीकडचा क्लच निरुपयोगी ठरतो व काढला जातो. उरतात ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. क्लचला जागा हवी म्हणून ब्रेकचे पेडल मुळात अरुंद केलेले असते. आता ते रुंद करता येते आणि घाईत किंचित चुकलेला पायही त्यावर पडतो. पण प्रश्न येथे संपत नाही. वर्षानुवर्षे क्लच तळापर्यंत दाबण्यास सरावलेला डावा पाय वेग कमी करण्याच्या वेळी आपल्या जुन्या जागेकडे धाव घेतो. रुंद केलेले पेडल तेथवर पोचले असेल, तर त्या पायाचे सारे बळ ब्रेकवर पडते, गाडी गपकन उभी राहते आणि मागून येणारा तिच्यावर आदळतो. म्हणून जाणता मिस्त्री पेडल रुंद करतो, परंतु त्याची डावी कड क्लचच्या जुन्या जागेपर्यंत जाऊ देत नाही. डाव्या पायाला तेथे रिकामी जागाच लाभावी, अशी त्याची योजना असते. काढून टाकलेला क्लच गाडीतून गेला, तरी माणसाच्या पायात शिल्लक आहे, हे तो विसरत नाही.

आमच्या काशीत याहूनही बोलके उदाहरण रोज रस्त्यावर दिसते. सायकल-रिक्षात गती पायांकडे होती आणि थांबविणे हाताकडे. पेडल मारावयाचे पायांनी, ब्रेकची मूठ आवळावयाची हाताने. आणि पाय थबकले की रिक्षाही मंदावत असे. विजेवर चालणारी ई-रिक्षा आली आणि ही वाटणी उलटली. आता हाताने मूठ पिळली की गाडी पळते आणि ती थांबविण्यासाठी पायाने पेडल दाबावे लागते. पेडल हा शब्द तोच राहिला; त्याचा धर्म मात्र फिरला. २०१६ च्या मे महिन्यात बनारसमध्ये अशा रिक्षांचे समारंभपूर्वक वाटप झाले. माणसाने माणसाला घाम गाळीत ओढावे, हे दृश्य त्यामुळे विरळ झाले, याचा आनंद कोणाला होणार नाही? कायद्याने या गाडीला ताशी २५ किलोमीटरची आणि चार प्रवाशांची मर्यादा घातली, हेही योग्यच. पण ज्या पायांनी आयुष्यभर गती दिली, त्यांच्याकडून आपण आता थांबण्याची अपेक्षा करीत आहोत, याचा विचार समारंभात कोण करतो?

यावर कोणी म्हणेल की, माणूस शिकतो. पेडलांची मांडणी हा काही सृष्टीचा नियम नव्हे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत डावे पेडल गिअरचे, मधले मागे जाण्याचे आणि उजवे ब्रेकचे होते. वेग वाढविण्याची दांडी हाताशी होती. म्हणजे आज जेथे ॲक्सिलरेटर असतो, तेथे त्या काळी ब्रेक होता. लोक तेही शिकले आणि हेही शिकले. मग सवयीचे एवढे लाड कशाला? आक्षेप वजनदार आहे. तथापि शिकणे हे बुद्धीचे काम आहे आणि संकटाच्या निमिषात बुद्धी हजर नसते. समोर मूल आडवे आले म्हणजे विचार करतो तो पायच. त्या क्षणी चालकाचा विचार जेथे पोचू शकत नाही, तेथे कर्त्याचा विचार आधीच जाऊन बसलेला असला पाहिजे. दोष चालकाच्या माथी मारून कर्त्याला मोकळे होता येत नाही, असे आम्हांस वाटते ते यासाठी.

याहून खोल असा आणखी एक फरक आहे. गिअर सुटलेली जुनी पिकअप सपाट रस्त्यावर नुसती उभी राहते; चालावयाचे तर चालकाने संकल्प करावा लागतो. स्वयंचलित गिअरची गाडी इंजिन चालू असता ब्रेकवरून पाय काढताच हळूहळू पुढे सरकू लागते. तेथे चालणे हा स्वभाव झाला आणि थांबण्यास संकल्प लागतो. ई-रिक्षा अशी सरकत नाही. पण चालू ठेवून तिचा चालक उतरला तर ती आवाजही करीत नाही आणि कोणा पोराचा हात मुठीवर पडताच चालू लागते.

याउलट आगगाडीचा ब्रेक पाहावा. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८७२ साली सिद्ध केलेल्या पद्धतीत नळीतील हवेचा दाब टिकून आहे तोवर चाके मोकळी राहतात. नळी तुटली, डबा सुटला, दाब उतरला, की ब्रेक आपोआप लागतो. तेथे थांबणे हा मूळ स्वभाव आणि चालणे ही जपून मिळविलेली सवलत आहे. बनारसच्या रेल्वे-इंजिनांच्या कारखान्याने प्रत्येकी २६०० अश्वशक्तीच्या दोन डिझेल इंजिनांपासून १०,००० अश्वशक्तीचे जुळे विद्युत इंजिन घडविले आणि २०१८ च्या फेब्रुवारीअखेर ते बाहेर काढले. कौतुक झाले ते अश्वशक्तीचे आणि ६९ दिवसांत काम झाल्याचे. ते व्हावेच. परंतु अशी वाढलेली शक्ती माणसांच्या वस्तीतून निर्धास्तपणे नेता येते ती ब्रेकचा तो जुना क्रम अबाधित राहतो म्हणून, हेही सांगितले जावे.

यावरून आम्ही एवढेच अनुमान काढतो. जो दुसऱ्याच्या गतीची रीत बदलतो, त्याच्यावर त्या दुसऱ्याच्या थांबण्याचे ऋण चढते. ते फेडण्याचे मार्ग मोठे नाहीत: पेडलाची कड बोटभर कापणे, गिअर मोकळा असल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये अशी कळ बसविणे, रिक्षा हाती देण्यापूर्वी नव्या पायाला चार दिवस रिकाम्या मैदानात फिरू देणे. यांपैकी कशाचेही उद्घाटन होत नाही. परंतु कष्ट हलके करून देणाऱ्याचे औदार्य खरे की केवळ हौसेचे, हे या बोटभर कामावरूनच ओळखावे. नव्या गतीचे दान देणाऱ्याने घेणाऱ्याच्या जुन्या पायांना आधी विचारले पाहिजे. कारण अपघात होईल तेव्हा उत्तर देण्याचा प्रसंग त्या पायांवर येईल, दात्यावर नव्हे.