किल्ली कोणाच्या हाती?

आजच्या रविवारच्या दोन वाचनांत किल्ल्या आहेत. यशया संदेष्टा राजवाड्याचा कारभारी शेबना याला बजावतो की, तुझे पद जाईल आणि दाविदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमच्या खांद्यावर ठेवली जाईल. शुभवर्तमानात प्रभू येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो. ह्या वाचनांवर आम्ही एरवी पोपमहोदयांच्या अधिकाराविषयी बोलतो. ह्या खेपेस मात्र आमच्या डोळ्यांसमोर स्टेशनजवळचा एक चावीवाला येतो आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात सेवा करीत होतो. तेथील एक तरुण दाखला मागायला आला. त्याला कुलूप-किल्लीचे काम शिकायचे होते. स्टेशनजवळ टपरी असलेले एक वयस्क कारागीर, ज्यांना सारे उस्ताद म्हणत, त्याला शिकवायला तयार होते. त्यांची अट एकच होती. ह्या मुलाविषयी कोणीतरी जबाबदार माणसाने लिहून द्यावे. ‘‘फादर, तुम्ही चार ओळी लिहून द्या ना,’’ तो म्हणाला.

अडचण अशी की, एकोणीस वर्षांचा असताना हा मुलगा ज्या दुकानात कामाला होता तिथल्या गल्ल्यातून पैसे घेताना सापडला होता. पैसे त्याने पुढे फेडले, पण गोष्ट गावभर झाली होती. (ती पापनिवेदनात कळलेली नव्हे. तशी असती तर येथे एक अक्षरही लिहिता आले नसते. हा मजकूर त्या तरुणाने वाचला आहे आणि छापायला संमती दिली आहे.)

दाखला देण्याआधी आम्ही उस्तादांच्या टपरीवर जाऊन बसलो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पण कानस कशी धरावी हे तिथे कोणी शिकवले नव्हते. आज घरोघर असलेल्या लॅचच्या आत लहान लहान खिट्ट्यांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीवर एक स्प्रिंग असते. बरोबर चावी घातली की तिच्या दातांमुळे सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि आतला गोल भाग फिरतो. चावी हरवली असेल तर कारागीर कोरी चावी आत घालून हलकेच पिळतो. जिथे खिट्टी अडते तिथे पितळेवर बारीकशी खूण उमटते. तेवढीच जागा घासायची, चावी पुन्हा आत घालायची, पुन्हा खूण शोधायची. कुलूप स्वतःच आपली चावी सांगते, पण ऐकायला धीर लागतो, असे उस्ताद म्हणाले. शिकाऊ पोरगा पहिले काही महिने नुसता घासतो आणि ढीगभर कोऱ्या चाव्या वाया घालवतो.

हेच कौशल्य चोरालाही हवे असते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ह्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात सॉक्रेटीस आपल्या तरुण मित्राला ह्याच पेचात पकडतो. जो पैसे राखण्यात निष्णात तोच ते चोरण्यातही निष्णात असणार. मग नीतिमान माणूस हा एक प्रकारचा चोरच ठरला की! सेमिनरीत आम्ही ह्यावर हसलो होतो. टपरीवर बसून ते हसू आले नाही.

काही जण म्हणतील की, असे काम शिकवूच नये. हा वाद जुना आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज ह्या अमेरिकन कारागिराने इंग्लंडमधील नामांकित कुलपे चावीवाचून उघडून दाखवली. ब्रामा यांचे कुलूप तर १७९० पासून दुकानाच्या खिडकीत २०० गिनींच्या बक्षिसासह आव्हान देत टांगलेले होते. ते उघडायला हॉब्जला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. ह्या विद्येचा गवगवा केल्याने चोरांचेच फावेल, अशी ओरड झाली. हॉब्जच्या पक्षाचे उत्तर असे की, चोरांना हे आधीच ठाऊक असते. अंधारात राहतो तो घरमालक. आम्हांला हे उत्तर पटते. प्रभूनेही शास्त्र्यांना दोष दिला तो ज्ञानाची किल्ली काढून घेतल्याबद्दल.

तेव्हा विद्या द्यावी की नाही हा आमचा प्रश्न नव्हता. ती कोणाला द्यावी, आणि त्या माणसाची हमी कोण देणार, हा होता.

काही देशांत हे काम सरकार करते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कुलपाच्या कारागिराला सार्वजनिक सुरक्षा विभागाचा परवाना लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. नॉर्थ कॅरोलिनात लेखी परीक्षाही आहे. कॅलिफोर्नियात मात्र ठसे राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे जातात, पण तुला कुलूप उघडता येते का असे परीक्षा घेऊन कोणी विचारत नाही. हे वाचून आम्हांला प्रथम नवल वाटले. विचार केल्यावर त्यात तथ्य दिसले. काम न येणारा कारागीर तासाभरात उघडा पडतो; मनात खोट असलेला वर्षानुवर्षे पडत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी परवाना नाही. तेथे १९५८ साली स्थापन झालेली मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन ही कारागिरांची संघटनाच आपल्या सभासदांची चौकशी करते. आपल्याकडे चावीवाल्याची परीक्षा घेऊन परवाना देणारे मंडळ नाही. आपल्याकडे आहे तो शब्द. अमक्याचा मुलगा, तमक्यांनी पाठवला, फादरांनी लिहून दिले.

ॲरिस्टॉटलने कला आणि सद्‌गुण यांत एक सूक्ष्म भेद दाखवला आहे. कलेत जाणूनबुजून चुकणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्याला निदान बरोबर काय ते ठाऊक असते. सद्‌गुणात ह्याच्या अगदी उलट. संत थॉमस अक्वायनस पुढे सांगतात की, कला कृतीला चांगले करते, कर्त्याला नव्हे. चावी चोख बसली ह्यावरून ती घासणाऱ्या माणसाविषयी काहीच कळत नाही. मग बोटांच्या ठशांवरून कळते का? ठसे इतकेच सांगतात की, हा आजवर पकडला गेलेला नाही. आमचा तरुण पकडला गेला होता. न पकडले गेलेले किती जण दाखले घेऊन गेले असतील, देव जाणे.

येथे एक भाविक आम्हांला म्हणाले, ‘‘फादर, पापक्षमा झाली ना? मग लिहून द्यायला काय हरकत?’’ आम्हांला हे इतके सोपे वाटत नाही. क्षमा आणि विश्वास ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एका क्षणात, फुकट मिळते. ती मिळवावी लागत नाही. विश्वास मात्र दुसऱ्याच्या घरादाराचा असतो. ज्या म्हातारीचे दार हा मुलगा उघडणार तिच्या वतीने उदार होण्याचा हक्क आम्हांला कोणी दिला? आणि तरीही, ज्याच्या हाती कधीच किल्ली दिली जाणार नाही त्याने विश्वासाला पात्र आहोत हे दाखवावे तरी कसे? पाण्यात न उतरता पोहायला शिक म्हणण्यासारखेच ते.

ह्या प्रश्नाशी आम्ही आठवडाभर झगडलो आणि मग आमचाच परवाना आठवला. पापक्षमेची किल्ली आम्हां धर्मगुरूंकडे आहे असे आपण म्हणतो, पण नुसत्या गुरुदीक्षेने ती चालवता येत नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळा अधिकार लागतो, तो परीक्षेने किंवा अन्य प्रकारे पात्रता दिसल्याशिवाय देऊ नये, आणि तो काढूनही घेता येतो. दीक्षेच्या विधीत महागुरुस्वामी विचारतात की, हा उमेदवार योग्य आहे का. उत्तर उमेदवार देत नाही. दुसरे कोणीतरी उभे राहून सांगते की, लोकांत चौकशी केली आहे, हा योग्य आढळला. आमच्या वेळी जे उभे राहिले त्यांना आमच्याविषयी काय काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे आठवून आजही अंगावर काटा येतो.

पेत्राला किल्ल्या मिळाल्या त्या त्याने प्रभूला नाकारण्यापूर्वी. पुनरुत्थानानंतर प्रभूने त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले आणि प्रत्येक वेळी कळपाची जबाबदारी दिली. पण थैली यहूदाकडेही दिली होती, आणि तो तीतले पैसे काढत असे, असे संत योहान स्पष्ट लिहितो. दोन्ही उदाहरणे शुभवर्तमानातलीच. एक सांगून दुसरे झाकणे बरे नव्हे.

शेवटी आम्ही त्या तरुणाला बोलावले. ‘‘दाखल्यात मी गल्ल्याची गोष्ट लिहिणार. चालेल?’’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘लिहा, फादर. नाहीतर कोणीतरी त्यांना सांगणारच.’’ आम्ही काय घडले ते, पैसे फेडल्याचे आणि त्यानंतरच्या चार वर्षांत आम्ही स्वतः पाहिलेले लिहिले. पुढचे काही लिहिले नाही, कारण पुढचे आम्हांला ठाऊक नव्हते.

उस्तादांनी कागद वाचून घेतला, घडी करून खिशात ठेवला. वर्षभर त्यांनी मुलाला टपरीवरच बसवले. गिऱ्हाइकाच्या घरी पाठवले नाही. नंतर सोबत नेऊ लागले. त्यांची एक जाड वही होती. कोणाची चावी, पत्ता, कोणी उघडून मागितले, सारे तीत लिहायचे. ती वही मुलाकडे दिली.

त्यानंतर एकदा आमच्या सॅक्रिस्टीतील कपाटाची किल्ली हरवली. आत मिस्साचा चषक आणि दानपेटीची रक्कम होती. आम्ही उस्तादांना निरोप धाडला, आणि आला तो मुलगा, एकटाच. त्याने गुडघे टेकून कुलपाला कान लावला आणि कामाला लागला. आम्ही दाराशी उभे होतो. पाच-दहा मिनिटांनी लक्षात आले की, कुलपाचे काम पाहण्यात आम्हांला तसा काहीच रस नव्हता. आम्ही बाहेर अंगणात जाऊन बसलो. अर्ध्या तासाने तो नवी चावी आणि वही घेऊन आला. ‘‘फादर, सही करा,’’ तो म्हणाला, ‘‘उस्ताद सहीशिवाय पैसे घेऊ देत नाहीत.’’