विहिरीचे तेवढे बोलू नका

आमचे गावचे घर आम्ही दोघा भावांनी विकायला काढले तेव्हा कार्तिक चालू होता. परसातली विहीर चांगली भरलेली. गिऱ्हाईक आले, त्यांनी काठावरून वाकून पाहिले नि म्हणाले, "वा! पाण्याची काळजी नाही म्हणायची." मी काही बोललो नाही. फाल्गुन सरला की ही विहीर तळ दाखवते. तांब्या-तांब्याने पाणी खरवडण्यात आमच्या आईचे निम्मे उन्हाळे गेले.

मध्यस्थाने आधीच बजावले होते, "गुरुजी, भिंतींवरून चुन्याचा हात फिरवा, माळा रिकामा करा, नि विहिरीचे तेवढे बोलू नका."

चुन्याला माझी हरकत नव्हती. पाहुण्यांसमोर घराने बरे दिसावे, यात वावगे काय? घासाघिशीचेही मला पाप वाटत नाही. "पंचविसाखाली उतरणार नाही" असे मी म्हणतो तेव्हा मी उतरणार हे समोरच्याला ठाऊक असते. आणि "विसाच्या वर ऐपत नाही" हे त्याचे बोलणे मीही तितपतच खरे धरतो. दोघांनाही ठाऊक असते, म्हणून तो खेळ. विहिरीचा खेळ मात्र मी एकटाच खेळत होतो.

पेच जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 मध्ये रोमच्या सिसरोने आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात सिरॅक्यूजच्या एका सावकाराची गोष्ट आहे. कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाला तिथे बागबंगला हवा होता. सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावले आणि कोळ्यांना आधीच सांगून ठेवले, की उद्या माझ्या बागेपुढे येऊन मासे धरा. दुसऱ्या दिवशी समोर होड्याच होड्या! जो तो आपली मासळी आणून सावकाराच्या पायाशी टाकतो आहे. गावची सगळी मासळी इथेच सापडते, असे त्याने सांगितल्यावर कॅनियस हट्टालाच पेटला आणि सावकाराने सांगितलेली किंमत देऊन मोकळा झाला. पुढच्या दिवशी एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांचा सण आहे काय? शेजारी म्हणाला, इथे कोणी मासे धरतच नाही. कालच मला नवल वाटले होते.

त्या सावकाराहून मी बरा, अशी मी मनाची समजूत घातली. त्याने कोळी बोलावले. माझी विहीर पावसाने भरली होती. पण पावसाला मी कामाला लावलेच होते की नाही?

आपल्याकडे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या 55 व्या कलमाप्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या सावधगिरीने कळणारा नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. या गृहस्थांनी शेजारी चौकशी केली असती तर त्यांना विहिरीचे कळले असते. तेव्हा कायद्याच्या चाळणीतून मी कदाचित निसटलोही असतो. तेच कलम घेणाऱ्यालाही बांधते: विकणाऱ्याच्या हक्कात त्याला न कळलेले, किंमत वाढवणारे काही असेल, तर ते घेणाऱ्याने सांगावे. सिसरोच्या त्याच ग्रंथातल्या स्कीव्होला नावाच्या रोमनाने तर जमीन घेताना सांगितलेली किंमत कमी वाटली म्हणून एक लाख नाणी वर मोजली. लोक म्हणाले, माणूस सज्जन खरा, पण शहाणा नव्हे.

अडचण निराळीच होती. घर निम्मे धाकट्याचे. त्याच्या डोक्यावर कर्ज. माझ्या खरेपणाची किंमत त्याने का भरावी? हे मला कोणत्याच ग्रंथात सापडेना.

इसार घेण्याच्या आदल्या रात्री मी गिऱ्हाइकाकडे जाऊन विहिरीचे सांगितले. त्यांनी शांतपणे एक लाख रुपये कमी केले. घरी येऊन मी धाकट्याला म्हटले, "ते माझ्या वाट्यातून धर."

त्याने "नको, दादा" म्हणावे असे मला फार वाटत होते. तो मान खाली घालून "बरं" म्हणाला.